अनाहताची कैफियत

पौषातल्या एका रात्री, दोनच्या सुमारास, मी आमच्या घरातली विजेची बटणे एकामागून एक बंद करीत हिंडत होतो. आधी पाण्याच्या फिल्टरचे, मग फ्रिजचे, मग टीव्हीखालच्या त्या तांबडा डोळा मिचकावणाऱ्या डब्याचे. आणि एवढ्यानेही भागेना तेव्हा जिन्यातल्या मीटरजवळचा मुख्य खटका मी खाली ओढला. सगळे घर काळोखात बुडाले, तरी तो रातकिडा आपला तसाच, एका सुरात, श्वास न घेता किरकिरत राहिला. रातकिडा म्हणावे तर ते दिवस रातकिड्यांचे नव्हते. बायको उठून आली. ‘‘अहो, काय चाललंय तुमचं?’’ मी म्हटले, ‘‘हा आवाज कुठून येतोय ते बघतोय.’’ तिने क्षणभर कान दिला आणि म्हणाली, ‘‘कसला आवाज? मला तर काही ऐकू येत नाही.’’ दिवाणी न्यायालयाच्या दफ्तरात तीस वर्षे काढलेल्या माणसाला एवढे ठाऊक असते की, एक पक्ष ‘आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘नाही’ म्हणतो तेव्हा जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. मी दोन्ही कानांत बोटे घातली. आवाज दुणावला. वादग्रस्त जागा माझ्याच डोक्यात निघाली.

आठ दिवसांनी कानाच्या डॉक्टरांकडे मला तपासणीसाठी एका पेटीवजा खोलीत बसवले. तिचे दार जुन्या ट्रेझरीच्या दारासारखे जाड होते आणि भिंतींना आतून करड्या स्पंजाचे अस्तर होते. डोक्यावर हेडफोन, हातात एक बटण. काचेपलीकडून ऑडिओलॉजिस्ट मुलगी म्हणाली, ‘‘काका, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबा.’’ दार मिटताच माझी पंचाईत झाली; कारण बाहेरचा आवाज अजून यायचा होता, आतला केव्हापासूनच हजर होता, आणि यांतल्या कोणत्या आवाजाबद्दल बटण दाबायचे याचा खुलासा तिने केला नव्हता. कागदावर जी रेघ उमटली ती दोन हजार हर्ट्झपर्यंत देशावरच्या रस्त्यासारखी सपाट होती आणि तेथून पुढे, बोरघाट लागावा तशी, एकदम खाली उतरत गेली होती. मग तिने निरनिराळ्या उंचीचे सूर वाजवून ‘हा का? हा का?’ असे विचारायला सुरुवात केली, आणि सहा हजारांच्या आसपासचा एक सूर कानी पडताच, जत्रेत हरवलेले माणूस सापडावे तसा मी ‘हाच, हाच!’ म्हणून ओरडलो. त्याचा ठावठिकाणा लागला. परंतु त्याला बेदखल करण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. या आवाजाला हमखास घालवील असे औषध अद्याप निघालेले नाही, हे डॉक्टरांनी मोठ्या सौजन्याने सांगितले आणि केसपेपरवर ‘टिनिटस’ एवढा एक शब्द लिहिला.

शेजारच्या तात्यांना हे कळले तेव्हा ते भेटायला आले ते अभिनंदनाच्या थाटात. तात्या माळकरी आहेत, आळंदीची वारी त्यांनी कधी चुकवलेली नाही, आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, ज्यात कुंडलिनीच्या जागृतीचे ते विलक्षण वर्णन आहे, त्यांना जवळजवळ मुखोद्गत आहे. ‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘लोक बारा बारा वर्षं गुहेत बसतात, तेव्हा कुठे अनाहत ऐकू येतो. तुम्हाला तो घरबसल्या मिळाला, आणि तुम्ही त्याच्यावर गोळ्या मागताय?’’ मी हसलो, चहा झाला, तात्या गेले. पण त्यांचा प्रश्न गेला नाही. आघातावाचून उत्पन्न होणारा तो अनाहत, अशी त्या शब्दाची फोड. आणि माझ्या डोक्यातही कोणी कशावर काही आपटीत नव्हते. एकाच आवाजाची एका दफ्तरात रोग म्हणून नोंद आहे आणि दुसऱ्यात प्रसाद म्हणून. तेव्हा यांतली कायम ठेवावी ती नोंद कोणती?

हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात स्वात्मारामाने नादानुसंधानाचा जो तपशील दिला आहे तो अनुभवी कारकुनाच्या नोंदवहीइतका काटेकोर आहे. मुक्तासन घालावे, शांभवी मुद्रा धरावी आणि एकचित्ताने उजव्या कानात उठणारा आतला नाद ऐकावा. आरंभी समुद्र, मेघ, भेरी, झर्झर यांच्यासारखे घोष, मध्यंतरी मर्दल, शंख, घंटा, काहल यांच्यासारखे ध्वनी, आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा व भ्रमर यांच्यासारखे सूक्ष्म नाद. रातकिड्याचे घराणे भ्रमराला तसे जवळचे असल्यामुळे, पहिल्या दोन पायऱ्या वगळून मी एकदम तिसरीवर कसा जाऊन बसलो याचे मला नवल वाटले; सेवाज्येष्ठता डावलून मिळालेली इतकी मोठी बढती मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. परंतु त्याच आठवड्यात माधवनिदान चाळताना जे दिसले त्याने माझी थट्टा थांबली. कर्णस्रोतात वायू ठाण मांडून बसला म्हणजे भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे नाना स्वर ऐकू येतात, त्याला कर्णनाद म्हणावे. आणि वेणूच्या घोषासारखा आवाज ऐकू येतो तो कर्णक्ष्वेड. त्याच्याही आधी सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे जे अठ्ठावीस रोग मोजले आहेत त्यांच्या यादीत ही नावे अगदी आरंभीच आहेत. भेरी इकडेही, भेरी तिकडेही. शंख आणि वेणू दोन्हींकडे. वैद्याने आणि योग्याने एकाच वाद्यवृंदाची साक्ष नोंदवली, आणि एकाने तिच्यावर तेल व घृत सांगितले तर दुसऱ्याने आसन. या दोघांनी एकमेकांवर फिर्याद मात्र केलेली दिसत नाही. आपल्या पूर्वजांना दोन्ही दफ्तरे ठाऊक होती व ती त्यांनी एकत्र बांधली नाहीत, ही गोष्ट तात्यांच्या ध्यानात आली नव्हती, आणि खरे सांगायचे तर तोवर माझ्याही नव्हती.

आणखी एक गोष्ट तात्यांनी गाळली होती. स्वात्माराम नादाला कोठेही परमपद म्हणत नाही. तो त्याला मनरूपी हत्तीचा अंकुश म्हणतो, मनरूपी हरणाचे जाळे म्हणतो आणि त्या हरणाला मारणारा पारधीही म्हणतो. पुढे तर तो असे स्पष्ट करतो की जोवर शब्द ऐकू येतो आहे तोवर आकाशाची कल्पनाही शिल्लक आहे, आणि जे निःशब्द ते परब्रह्म. म्हणजे योग्याचा नाद संपण्यासाठी असतो. माझा संपत नाही, हीच तर माझी तक्रार.

आता आधुनिक वैद्यकाची बाजू. कानाच्या आत, शंखासारख्या वेटोळ्या घेतलेल्या एका इवल्याशा नळीत जेमतेम पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात, आणि ध्वनीच्या लहरीने त्यांचे केस झुकले म्हणजे मज्जातंतूत विजेचा संदेश निघतो. जनुके, वय, गोंगाट, काही प्रतिजैविके, यांनी त्या मरतात. आणि माणसासह सगळ्या सस्तन प्राण्यांत, प्रौढपणी मेलेली ऐकण्याची केशपेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीला ती उगवते, हे १९८०च्या दशकात सिद्ध झाल्यापासून अनेक प्रयोगशाळा कोंबडीचा हेवा करीत बसल्या आहेत. केशपेशी गेल्या म्हणजे त्या उंचीच्या सुरांबद्दल मेंदूकडे कोणी हजर होत नाही. आणि मेंदूला वाट पाहण्याची सवय नसल्यामुळे तो आपल्या आतल्या तारा अधिकाधिक ताणून, त्यांच्याच स्वाभाविक खरखरीला आवाज समजून मोकळा होतो, असा आज बहुतेक संशोधकांचा कयास आहे. आमच्या कचेरीच्या भाषेत याला एकतर्फी हुकूमनामा म्हणतात. माझ्या कागदावरचा तो घाट आणि माझा सहा हजारांचा रातकिडा एकाच जागी का भेटतात, याचा उलगडा यात बराचसा होतो.

परंतु १९५३ साली हेलर व बर्गमन या दोघांनी जो प्रयोग प्रसिद्ध केला तो मला सगळ्यांत अर्थपूर्ण वाटतो. ज्यांना कानाची काहीही तक्रार नाही अशी ऐंशी प्रौढ माणसे त्यांनी एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवली आणि जे ऐकू येईल ते सांगावयास सांगितले. शंभरात चौऱ्याण्णवांना काही ना काही ऐकू आले, गुंजन, शिट्टी, झिणझिण, किरकिर. बाहेरची शांतता पुरेशी दाट झाली म्हणजे आतला नाद जवळजवळ प्रत्येकाला ऐकू येतो, आणि सह्याद्रीतले एखादे लेणे रात्री त्या ध्वनिरोधक खोलीहून फारसे निराळे नसते.

येथे मूळ प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून मला बहिरेपणाबद्दल काही सांगितले पाहिजे, कारण ते मला नोकरीपासून सलत आले आहे. वैशेषिकांच्या मते कान म्हणजे कर्णविवराने मर्यादित केलेले आकाशच होय. आकाश तर नित्य. ते बिघडणार कसे? मग बहिऱ्याला ऐकू का येत नाही? प्रशस्तपादाने याचे उत्तर असे दिले की, त्या आकाशखंडाला जीवाच्या उपभोगाशी जोडून देणारे जे धर्माधर्म, त्यांत वैकल्य आल्यामुळे. तर्क म्हणून हे उत्तर प्रामाणिक आहे. एकदा इंद्रिय अविनाशी मानले की दोष अदृष्टावर ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. परंतु शास्त्रातले अदृष्ट ओसरीवर आले म्हणजे त्याचे मागल्या जन्मीचे पाप होते, आणि मनुस्मृतीत जन्मांध, बधिर, मूक यांना दायभागातून वगळलेले असल्यामुळे ते पाप सात-बारावरही चढते. १९२८च्या कायद्याने ही अपात्रता दूर केली, हे मी ज्या दिवशी प्रथम वाचले त्या दिवशी मला हायसे वाटण्यापेक्षा लाजच अधिक वाटली. तोपर्यंत किती बहिऱ्या भावांना पोटगीवर बसवून इतरांनी जमिनी वाटून घेतल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही. २०२४च्या जानेवारीत शांघायच्या वैद्यांनी जन्मतः बहिऱ्या अशा सहा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्यात ओटोफर्लिन नावाचे एक प्रथिन तयार होत नव्हते; त्याचे जनुक एका विषाणूच्या पोटात मावेना म्हणून त्याचे दोन तुकडे करून, दोन विषाणूंवर लादून, ते कानात सोडण्यात आले, आणि सहांपैकी पाच मुले ऐकू लागली. आकाश नित्य असेल. निरोप्या आजारी होता. ज्यांनी त्या मुलांच्या आयांना आजवर पूर्वकर्माची भाषा ऐकवली असेल त्यांच्याबद्दल माझ्या मनात क्षमा नाही.

तर पुन्हा अनाहताकडे. तात्यांच्या उलट टोकाला आमचे एक निवृत्त विज्ञानशिक्षक मित्र आहेत. हेलर-बर्गमनचा प्रयोग मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारून निकालच दिला, ‘‘झालं तर मग! तुमचे सगळे नादयोगी म्हणजे कानाचे पेशंट.’’ या निकालावर अपील करण्यासाठी मला वकील मिळाला तो अमेरिकेत. विल्यम जेम्स या तत्त्ववेत्त्याने १८८२ साली एक निराळाच उद्योग केला होता. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका हे समतोलाचे इंद्रिय असेल तर ज्यांचा आतला कान नष्ट झाला आहे त्यांना गरगर फिरवले तरी भोवळ येऊ नये, असे अनुमान करून त्याने ५१९ मूकबधिरांची माहिती जमवली. त्यांतल्या १८६ जणांना भोवळ मुळीच येत नव्हती, तर हार्वर्डच्या जवळजवळ दोनशे विद्यार्थी व अध्यापकांत असा माणूस एकच निघाला. इंद्रियांची यंत्रे इतक्या जवळून पाहिलेला हाच मनुष्य पुढे वीस वर्षांनी एडिंबरोच्या आपल्या व्याख्यानांत धर्मानुभवाविषयी बोलायला उभा राहिला, आणि आरंभीच त्याने बजावले की, संताचा साक्षात्कार त्याच्या मज्जातंतूंच्या बिघाडातून आला असे दाखवून दिल्याने त्या साक्षात्काराची किंमत ठरत नाही. तसे असेल तर नास्तिकाचे मतही त्याच्या यकृतातूनच आले म्हणून निकालात काढता येईल. झाडाचे मूळ कोठे आहे ते विचारू नका, फळ चाखून पाहा, असा त्याचा आग्रह होता. मला तो मान्य आहे. दस्तऐवज कोणत्या शाईने लिहिला आहे यावरून त्यातला मजकूर खरा की खोटा हे ठरत नाही, हे कोणताही शिरस्तेदार सांगेल.

मात्र फळ चाखायचे तर एकाच मुळाची निरनिराळी फळे समोर हवीत, आणि ती ख्रिस्ती इतिहासाने मला पुरवली. मार्टिन ल्यूथर १५३०च्या वसंतात कोबर्गच्या किल्ल्यात राहिला असताना त्याच्या डोक्यात घंटानाद, नव्हे मेघगर्जना, सुरू झाली. त्याला वाचवेना, लिहवेना, आणि हा सैतानाचाच हल्ला आहे याबद्दल त्याला फारशी शंका वाटली नाही. तेरेसा दे आविला हिने १५७७ साली ‘आत्म्याचा अंतर्दुर्ग’ हा ग्रंथ लिहावयास घेतला तेव्हा तिचेही डोके गर्जत होते. दुथडी भरलेल्या नद्या कड्यावरून कोसळाव्यात आणि असंख्य पाखरे चिवचिवावीत तसा तो आवाज, तोही कानांत नव्हे तर टाळूशी, असे तिने बारकाईने नोंदले आहे. टाळू हे आत्म्याच्या वरच्या भागाचे ठिकाण मानले जात असल्यामुळे या आवाजाला देवाची हाक म्हणून मिरवणे तिला अगदी सोपे होते. ज्या स्त्रीला देवाचे शब्द ऐकू येत असत, ते तपासण्यासाठी धर्मगुरूंची रांग लागत असे, त्या स्त्रीने हा नाद मात्र देवाच्या खात्यावर जमा केला नाही. ती म्हणते की एवढा गोंगाट चालला असताही माझ्या प्रार्थनेत आणि आता मी जे लिहीत आहे त्यात त्याने खंड पडत नाही. मला या तीन ओळींच्या मजकुराने जेवढा धीर दिला तेवढा कोणत्याही गोळीने दिला नाही. ल्यूथरने आवाजाला शत्रू केले, तात्या त्याला देव करू पाहत होते, आणि तेरेसाने त्याला वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्यासारखे नांदू दिले.

तथापि तात्यांच्या सांगण्याची परीक्षा न घेताच त्यांच्याविरुद्ध निकाल देणे न्यायाला धरून झाले नसते. म्हणून माघ महिन्यात मी पहाटे चारला उठून, घोंगडी अंगावर घेऊन, भिंतीला पाठ टेकून त्या रातकिड्याकडे कान लावून बसू लागलो. पहिले तीन-चार दिवस मौज वाटली. सलग वाटणारा तो सूर जवळून ऐकता तीन पदरी निघाला, आणि त्यातला एक पदर नाडीबरोबर किंचित लवतो असेही वाटले. दुसऱ्या आठवड्यात तो दिवसाढवळ्या, भाजी मंडईत, भाव विचारताना ऐकू येऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात माझी झोप उडाली. ऑडिओलॉजिस्ट मुलीला हे सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. ‘‘काका, तुम्ही त्याला खाऊ घालताय,’’ ती म्हणाली. आणि पंखा मंद चालू ठेवणे, रात्री पावसाचा आवाज लावणे, म्हणजे रातकिडा पुरा बुडणार नाही पण एकटाही पडणार नाही अशी व्यवस्था करणे, असा तिने बंदोबस्त सांगितला. यास्ट्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९९०च्या सुमारास मांडलेली ही उपपत्ती आहे: आवाजाने माणूस हैराण होत नाही, त्या आवाजाला मेंदूने धोक्याची खूण म्हणून जी सही दिलेली असते तिने होतो, ती सही मागे घेतली गेली की आवाज राहतो आणि ऐकणे सुटते, जसे रेल्वेलगतच्या चाळीत गाडी ऐकू येईनाशी होते.

योगी म्हणतो, ऐक. दवाखाना म्हणतो, ऐकू नकोस. वरवर हे दोघे परस्परविरोधी दिसतात, आणि त्या माघात मीही त्यांना तसेच समजलो होतो. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की माझी चूक ऐकण्यात नव्हती. मी रोज पहाटे बसत होतो तो ‘आज कमी झाला का?’ हे पाहण्यासाठी. साधकाचे आसन घालून मी पंचनामा करीत होतो. स्वात्मारामाचा साधक नादातून काही मिळवायला बसलेला नसतो, त्याचे मन मध पिणाऱ्या भुंग्यासारखे गंधाचीही पर्वा न करणारे झालेले असते. आणि एकदा तसे झाले म्हणजे त्याला शंख आणि दुंदुभीही ऐकू येत नाहीत, असे त्याच ग्रंथात पुढे आहे. तेवढी निर्हेतुकता माझ्यापाशी नव्हती. ज्याच्यापाशी नाही त्याने पंखा लावून झोपावे, हे सांगायला मला आता कमीपणा वाटत नाही.

चैत्रात आणखी एक प्रकरण उपस्थित झाले. सकाळी अंथरुणात डाव्या कुशीवर वळलो आणि छत फिरू लागले. बंद असलेला पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचे कॅलेंडर, सगळे एका दिशेने गरगर वाहत गेले. मला पक्के ठाऊक होते की घर फिरत नाही. तरीही दोन्ही हातांनी मी पलंगाचा कठडा असा आवळून धरला होता की सोडवायला बायकोला बोटे एकेक करून उचलावी लागली. ज्ञान डोक्यात होते. हातांपर्यंत त्याची बजावणी झालेली नव्हती. डॉक्टरांनी मला टेबलावर आडवे करून डोके काठाखाली लोंबते धरले, माझे डोळे कसे झटके खातात ते निरखले, मग अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने ते डोके तीन-चार कोनांत फिरवले आणि उठवून बसवले. ‘‘झालं,’’ ते म्हणाले. कानाच्या आत जेथे खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, सूक्ष्म कणांचा एक थर असतो, तेथून काही कण निसटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले होते. ते घरंगळत परत आपल्या जागी घालवले एवढेच. शंभरेक कण ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरावा अशा त्या धुळीवर माझे ‘वर’ आणि ‘खाली’ अवलंबून होते. ही युक्ती अमेरिकेतल्या एपली या डॉक्टरने प्लास्टिकच्या नळीची प्रतिकृती करून शोधली, आणि इतके साधे असूच शकत नाही म्हणून समव्यवसायींनी बरीच वर्षे तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

या दोन दुखण्यांनी मला वेदान्तातली एक जुनी गाठ उकलून दिली. कॉलेजात असताना शास्त्रीबुवा भ्रमाचे दोन प्रकार शिकवीत: दोरीवर दिसलेला साप दिवा आणताच जातो, तो निरुपाधिक भ्रम, पण जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक, तो पांढरा आहे हे पुरते कळल्यावरही लालच दिसतो, कारण फूल अजून तेथे आहे, तो सोपाधिक. तिमिररोग्याला दुसरा चंद्र खोटा आहे हे कळूनही दिसत राहतो. दिङ्मूढाला पूर्व कोणती ते सांगितले तरी सूर्य त्याच्या मते भलतीकडेच उगवतो. जीवन्मुक्ताला जग दिसत राहते ते असेच, बाधित झालेले आणि तरी चालू राहिलेले. याला बाधितानुवृत्ती म्हणतात. त्या वयात हा मला पळवाटेचा युक्तिवाद वाटला होता: ज्ञान झाले म्हणता, मग जग जात का नाही? आता माझ्यापाशी दोन दाखले आहेत. भोवळीतले फूल डॉक्टरांनी डोके वळवून काढून घेतले, म्हणून छत थांबले. कानातले फूल काढता येत नाही, म्हणून स्फटिक लाल राहणार. आणि तो लाल नाही हे मला आता ठाऊक आहे. पहिल्या रात्री मी मुख्य खटका खाली ओढला होता. आवाज आजही तोच आहे, सहा हजारांचाच, पण फ्रिज चालू असतो. ज्ञानाने वस्तू गेली नाही. तिच्यावरचा माझा दावा काढून घेतला गेला. शास्त्रीबुवा एवढेच सांगत होते काय, ते आता विचारता येत नाही.

माझी आजी शेवटच्या दुखण्यात माजघरात अंथरुणावर असे. दिवेलागणीला ती दोन्ही अंगठे कानांत घालून काही वेळ स्वस्थ पडे आणि मग, कोणी विचारले नसले तरी, ‘‘आहे रे अजून,’’ असे सांगे. काय आहे ते आम्हा मुलांना कळत नसे. पुढे उपनिषदे वाचताना कळले. माणसाच्या पोटात अन्न पचवणारा जो वैश्वानर अग्नी आहे त्याचाच घोष कान झाकले असता ऐकू येतो, आणि देह सोडण्याची वेळ आली की तो ऐकू येत नाही, असे बृहदारण्यकात आहे. छांदोग्यातही तेच ज्योतीच्या संदर्भात आहे, आणि तेथल्या त्या गडगडाटाला आचार्यांनी भाष्यात रथाच्या घोषाची उपमा दिली आहे. लंडनच्या वोलॅस्टनने १८१०च्या सुमारास कानात बोट घालून हाच आवाज ऐकला, तो आकुंचन पावणाऱ्या स्नायूंचा, सेकंदाला वीस-तीस कंपनांचा आहे असे ठरवले, आणि उपमा शोधताना त्यालाही सुचले ते दूरच्या फरसबंदीवरून धावणाऱ्या गाड्यांच्या चाकांचे. रथ तोच. अग्नी पोटात नव्हता, अंगठ्यात आणि दंडात होता. पण स्नायू अन्नच जाळतो, आणि मरणाऱ्याचा स्नायू सैल पडतो, तेव्हा ऋषीची चूक जागेपुरतीच म्हणायची.

आजी गेली त्या संध्याकाळी तिचे हात कानांपर्यंत गेले नाहीत. काकूंनी ते धरून वर नेले, अंगठे कानांत ठेवले, आणि वाकून विचारले. आजीने मान हलवली. ती कोणत्या अर्थाने, यावर घरात पुढे कित्येक वर्षे एकमत झाले नाही.

काल रात्री वीज खरोखरच गेली. पंखा थांबला, रातकिडा वर आला. मी अंगठे कानांत घातले. आधी तोच तो, बारीक, तीन पदरी. मग त्याच्या पुष्कळ खाली, लक्ष दिल्यावर, ती जाड, ओबडधोबड घरघर, लांबच्या खडीवरून बैलगाडी चालल्यासारखी. बायकोने अंधारातून विचारले, ‘‘अहो, झोपलात का?’’ अंगठे काढल्यावर तिने ते पुन्हा विचारले.